तायडेमास्तरचं गोडं पाणी

नातवानं परवा मोटारीची बॅटरी बदलली. नवी आणली ती चारी बाजूंनी बंद. वर ना बूच, ना भोक. मी विचारलं, "पाणी कुठून पाजतं रे इले?"

तो हसला. "आजोबा, हिला पाणी लागतच नाही. बसवायची आणि विसरून जायचं."

विसरून जायचं. बरं आहे बापा.

मी आत येऊन बसलो. सुभद्रा असती तर ती तिथून उठली असती. बॅटरी हा शब्द निघाला की आमची सुभद्रा हातातलं काम टाकून आत जायची, साऱ्या घराला ते माहीत होतं. का, ते फक्त मला माहीत होतं. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. आता कुठलाही शब्द काढा, घरातून उठून जाणारं कोणी नाही. म्हणून लिहितो. मी शिकलेला माणूस नाही. चौथी झालो आणि मोटारी धुवायला लागलो, मग स्टिअरिंग धरलं. साहित्य-बिहित्य मला समजत नाही. पण पुंडलिक तायडेबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे होतं, आणि त्याला ओळखणारी माणसं आता उरली नाहीत.

तायडेचं दुकान अकोल्याला कापूस बाजाराच्या मागच्या रस्त्यावर होतं. दुकान म्हणजे टिनाची एक खोली, मागं तेवढंच अंगण. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग, आणि मधे हा उभा. ठेंगणा, काळा, छाती पुढं काढलेला. एक भुवई होती, दुसरी नव्हती. आणि अंगात लोकर.

अकोल्याचा मे महिना ज्यानं पाहिला आहे त्यालाच हे समजेल. माणसं ओला पंचा डोक्यावर टाकून फिरतात, कुत्री नाल्यात बसतात, आणि तायडे लष्करातला जुना लोकरीचा कोट घालून वर घोंगडीचा तुकडा पोटाला बांधून उभा. नवीन माणूस विचारायचाच, "मास्तर, हिव वाजून राहिलं का?"

"कापूस तेजाबाले भेते," तायडे सांगायचा. "सुती सदरा घालून या अठी, संध्याकाळी जाळी घालून घरी जासान. लोकर भेत नाही. साऱ्या वऱ्हाडात कापूस पिकते, पन माह्या कामाचा नाही थो."

ते खरं होतं. बॅटरीचं तेजाब, म्हणजे ॲसिड, सुती कापडावर उडालं तर आज काही दिसत नाही, उद्या धुतलं की तिथं भोक. लोकर तग धरते. हे तो लढाईच्या काळात मिलिटरीच्या मोटार डेपोत शिकून आला होता. दीक्षा घेतल्यावर त्यानं गावाकडची कामं सोडली आणि हे दुकान टाकलं. नम्र वगैरे तो अजिबात नव्हता. आपल्यासारखा बॅटरीवाला नागपूरपर्यंत नाही, असं तो दिवसातून दोनदा तरी बोलायचा. कोणी नाही म्हटलं की रुसायचा. रुसला की काम करायचा, पण बोलायचा नाही. गिऱ्हाइकाला बोटानं खुणा करायचा, इथं ठेव, तिथं उभा राहा.

बिडीचं त्याला वेड लागल्यासारखं होतं. दुकानाच्या दहा हातांत कोणी बिडी पेटवली की हा ओरडत बाहेर. चार्जिंगला लावलेली बॅटरी वायू सोडते, ठिणगी पडली की फुटते. एकदा एक हवालदार बिडी ओढत आत आला. तायडेनं त्याच्या तोंडातली बिडी काढली आणि पाण्याच्या बादलीत टाकली. हवालदार लाल झाला. "अबे, मी कोन हाय माहीत हाय का?"

"माहीत हाय ना साहेब. तुमाले दोन भुवया हायेत. मले एकच उरली." आणि आपल्या कपाळाकडं बोट दाखवलं. हवालदाराला हसू आलं म्हणून बरं.

बॅटरी तो विकायचा नाही. सोयरीक करायचा. हा त्याचाच शब्द. गिऱ्हाईक येऊन म्हणालं की मोटारीची बॅटरी गेली, नवी द्या, तर तो फळीवरच्या बॅटरीला हात लावायचा नाही. "मोटार आना आधी. घर पाह्यल्याशिवाय मी पोरगी देत नाही." मग बॉनेट उघडायचं, बॅटरी बसते तो खोका विती-बोटानं मोजायचा, वायर कोणत्या बाजूनं येते ते बघायचं. सहा व्होल्टची की बारा, हे तर झालंच. मग चौकशी. मोटार रोज चालते की सणासुदीला? धारणीच्या घाटरस्त्यावर जाते का? रात्रीची चालते का? किती दिवस उभी राहते? जुनी बॅटरी काहून मेली? हा शेवटचा प्रश्न तो फार लावून धरायचा. "पयलीले कशानं मारलं थे सांगा. नाही तं दुसरीलेही तसंच मारसान."

मी तेव्हा कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनवाल्या मालकाकडं ड्रायव्हर होतो. मालकाचा जिन अकोल्याला, पण राहणं गावी, दर्यापूरच्या अलीकडं. मी मूळचा धामणगावकडचा; नोकरीसाठी बायकोला घेऊन त्या गावी मालकाच्या वाडीत राहायला आलो. मालकाच्या पोराचं लग्न ठरलं आणि त्याच सुमाराला बॅटरी बसली. मालक स्वतः माझ्याबरोबर तायडेच्या दुकानी आले.

"मास्तर, बजारातली मोठ्यात मोठी द्या. पोराचं लगन हाय. वरात ह्याच मोटारीतून निघन."

तायडेनं बॉनेटमधून डोकं काढलं. "मोठी देईन. पन तुमचा डायनामो लहान हाय, मालक. तिचं पोट त्याच्यानं भरनार नाही. मोठ्या पोटाची सून आनायची अन् तिले अर्धी भाकर वाढायची, तसं होईन थे."

मालक खूश झाले. "बरं, सून मापाचीच द्या."

फळीवरच्या दोन त्यानं नाकारल्या. एक फार दिवसांची आलेली होती, दुसरीच्या तोंडावरच्या डांबराला केसाएवढी चीर होती. तिसरी घेतली, माझ्यासमोर तिच्यात तेजाब भरलं आणि सावकाश चार्ज करून दुसऱ्या दिवशी दिली. बसवता बसवता त्यानं मला विचारलं, गाव कोणतं. मी नाव सांगितलं. त्याचा पाना थांबला.

"चिंचेखालची विहीर गोडीच हाय का अजून?"

"हो. तुम्हाला कशी माहीत?"

"गेलो होतो तिकडून कधी," तो म्हणाला आणि पाना फिरवू लागला.

आता हे गोडं म्हणजे काय ते सांगतो, कारण सारं त्या एका शब्दावर आहे. अकोला आणि दर्यापूरच्या मधे पूर्णा वाहते, तिच्या दोन्ही अंगाला खारपाणपट्टा. विहीर खणा, खारं पाणी. त्यात डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही, चहा केला तर दूध फाटतं. एखाद्या गावात एखादीच विहीर पिण्याजोगी निघते. तिच्या पाण्याला गोडं पाणी म्हणतात. त्या भागातल्या बाईला विचारा, घरात सगळ्यात मोलाचं काय. सोनं नाही सांगणार ती. गोड्या पाण्याची घागर सांगेल. आमच्या गावची गोडी विहीर चिंचेखाली होती, मालकाच्या घराण्याची.

आणि तायडे बॅटरीत टाकायच्या पाण्याला गोडं पाणी म्हणायचा. बाकी सारे डिस्टिल वाटर म्हणत. तो ते स्वतः काढायचा. मागच्या अंगणात पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा जाळ, वर तांब्याचं भांडं, भांड्यातून निघालेली वळणावळणाची नळी, आणि नळीच्या टोकाशी काचेची बरणी. थेंब थेंब. तो तिथं बसून त्या थेंबांकडं बघत राहायचा, जसा एखादा म्हातारा नातवाकडं बघतो. मी एकदा म्हणालो, "मास्तर, आम्ही पितो त्याला गोडं म्हणतो. हे तर वाफेचं."

छाती पुढं आलीच. "आमच्या गावात एकच विहीर गोडी होती, बापा. आमच्या लोकांचा पोहरा तिच्यात जाऊ शकत नव्हता. तईच ठरवलं होतं. आता पाह्य, तिच्याहून गोडं पाणी मी पऱ्हाटीवर काढतो. ज्याले पाहिजे त्याच्या मोटारीले पाजतो. नाव मीच ठेवलं."

मी त्याच्या गावाचं नाव विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.

बॅटरी देताना त्यानं मला उभं करून धडा दिला. पंधरवड्यातून एकदा बुचं उघड. आतल्या पट्ट्या बुडतील इतकंच गोडं पाणी पाज, वर नाही. टोकांवर पांढरी बुरशी आली तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धू आणि वरून व्हॅसलिन लाव. पट्टा आवळलेला ठेव, आपले रस्ते हाडं मोडतात. "अन् उभी ठेवू नको. उभी बॅटरी झोपेतच मरते." मला त्यानं त्या पाण्याची बाटली भरून दिली. तेजाबाचीच जुनी बाटली, धुतलेली. मी ती गावी नेऊन शेडमधे इतर बाटल्यांजवळ ठेवली. सुभद्राला मी आधीच बजावलेलं होतं, शेडमधल्या बाटल्यांना हात लावायचा नाही, तेजाब आहे, हात जळेल.

पुढं मला मुदतीचा ताप आला. आठवड्यामागून आठवडे मी खाटेवर. दुसरा ड्रायव्हर मालकांनी ठेवला नाही, अकोल्याला ते रेल्वेनं जात, मोटार शेडमधे उभी. शुद्धीत असलो की मला तिचीच काळजी. लग्न जवळ येत होतं, वरातीची मोटार, आणि माझी नोकरी नवी. मी सुभद्राला म्हणत राहायचो, "तिले गोडं पाणी पाज वं. बुचं उघडायची, गोडं पाणी पाजायचं. नाही तं मरन ती." असं मी तापात बोललो असेन. मला आठवत नाही. ती म्हणायची, बोललात.

सुभद्राचं माहेर त्याच पट्ट्यातलं. तिच्या लेखी गोडं पाणी एकच.

त्या दिवसांत मला काही माहीत नव्हतं, ते नंतर कळलं. पण इथंच सांगतो, नाही तर पुढचं समजणार नाही. ती रोज पहाटे चिंचेखाली जाऊन घागर आणायची आणि घरात यायच्या आधी शेडमधे शिरायची. पदरानं बुचं पुसून उघडायची आणि लोट्यानं पाणी घालायची. तुळशीला घालतात तसं. काठोकाठ, वरून वाहून जाईपर्यंत. पट्ट्या बुडतील इतकंच, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. रोज थोडं तेजाब वाहून गेलं, रोज त्याच्या जागी विहिरीचं पाणी आलं. शेवटी बॅटरीत तेजाब नावाला उरलं. आणि ती बिचारी समजत होती, मी नवऱ्याची नोकरी वाचवून राहिली.

मी उठलो तो लग्नाच्या तोंडावर.  सेल्फ लागला नाही, हँडल मारमारून मोटार चालू केली. इतके दिवस उभी होती, रस्त्यात चार्ज होईल, असं मनाशी म्हणालो. लग्न अमरावतीला. तिथवर पोचलो. वरात निघाली. वाजंत्री पुढं, मोटार मागं, माणसाच्या चालीनं. त्या चालीत डायनामो काही भरत नाही, आणि नवरदेवाचे दोस्त सारखे हॉर्न वाजवत होते. भर बाजारात इंजिन बंद पडलं. हँडल मारलं. माझ्यात जोर नव्हता, दुसऱ्यांनी मारलं. मग ढकललं. मोटार एकदा खोकलीसुद्धा नाही.

मुलीकडच्यांनी एक बैलजोडी आणली.

बैल मोटारीला जुंपले. आत नवरदेव, डोक्यावर बाशिंग. पोरं ओरडत होती. छतावरून एक बाई ओरडली, "अवं, पाहा वं, मोटार आनली का बंडी?" सारा बाजार हसला. मालकाचं तोंड मी पाहिलं. लग्न लागलं, जेवणं झाली, पण त्या माणसानं पानावर बसून घास घेतला नाही.

मी वाडीत परतलो तेव्हा सुभद्रानं सारं ऐकलं आणि म्हणाली, "असं कसं झालं? मी तं रोज गोडं पाणी पाजलं होतं." मला वाटलं, बाटलीतलं पाजलं असेल. मी हो म्हणालो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी मालक मला आणि बॅटरीला घेऊन अकोल्याला तायडेच्या दारात. बाजाराचा दिवस होता. कापसाच्या गाड्यांवाले, अडते, हमाल, सारे जमले. मालकांनी बॅटरी स्वतः उचलून त्याच्या पायाशी आपटली.

"हे तुही सून! भर बजारात बैल जुंपाले लावले मले!"

तायडे खाली बसला. बूच काढलं. वास घेतला. काचेच्या पिचकारीनं आतलं पाणी ओढलं. तिच्यात एक कांडी असते. तेजाब चांगलं असलं की ती वर तरंगते. कांडी तळाशी जाऊन बसली. त्यानं दुसरं बूच काढलं, तिसरं. साऱ्यांत तेच. मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"पानी कोनतं पाजलं, महादेवभाऊ?"

"मी तापानं पडलेलो, मास्तर. घरचीनं पाजलं. गोडंच पाजलं तिनं. रोज पाजलं."

तायडे माझ्याकडं बघत राहिला. मग त्या पिचकारीकडं. तेव्हा मला वाटलं, हा माणूस बहाणा शोधून राहिला. इतका वेळ लागला त्याला. मग तो उभा राहिला. छाती पुढं नव्हती.

"चूक माही हाय, मालक. माल खोटा गेला. मी दुसरी देतो."

"दुसरी?" मालक लोकांकडं वळून बोलले. "मले लोकं सांगत होते, त्याच्या हातचं पानी मोटारीले काय पाजता. म्या ऐकलं नाही."

लोक हसले. अमरावतीच्या बाजारात मोटारीला हसले होते, इथं तायडेला हसले. तो उभा होता. लोकरीच्या कोटात, घामानं भिजलेला. हवालदाराला उत्तर देणारा माणूस, नागपूरपर्यंत आपल्यासारखा नाही म्हणणारा.  मी मालकाच्या मागं उभा होतो आणि बॅटरीकडं बघत होतो. मालक तिथून दुसऱ्या दुकानी गेले आणि मी बॅटरी उचलून त्यांच्या मागं गेलो. कापूस बाजारातल्या साऱ्या मोटारींचा तो रस्ता त्या दिवसापासून बदलला. पुढच्या उन्हाळ्यात मी त्या रस्त्यानं गेलो तेव्हा टिनाच्या खोलीत कोणी चपलांचं दुकान टाकलेलं होतं.

त्यावर काही वर्षं गेली. मालकाचा जिन बंद पडला, मी अमरावतीला आलो आणि एका ठेकेदाराची जीप चालवू लागलो, धारणीच्या रस्त्यावर. तो रस्ता बॅटरीचा वैरी. एकदा पट्टा तुटून बॅटरी हादरली, तर मिस्त्री म्हणाला, "परतवाड्याच्या रस्त्यावर मेलेल्या पानीवाल्याकडं ने."

"कोणाकडं?"

"जा तं. विचार कोनालेही."

गेलो. लहानशी टपरी. बाहेर बॅटऱ्यांची रांग, प्रत्येकीवर चुन्यानं गावाचं नाव. तेव्हा खेड्यात वीज नव्हती, रेडिओ बॅटरीवर चालत. लोक बंडीत घालून बॅटरी आणायचे, चार्ज करून न्यायचे. आत लोकरीचा कोट. आता पार विटलेला. भुवई एकच.

एक शेठ त्याच्याशी भांडत होता. "अहो, नव्या मोटारीत टाकायचं पानी, अन् तुम्ही मेलेलं काय म्हणता? अशुभ बोलता सकाळी सकाळी."

"मेलेलंच हाय थे," तायडे म्हणाला. "ध्यानात ठेवा. पेऊ नका, देवाले वाहू नका, विहिरीचं त्याच्यात मिळवू नका. विहिरीचं पानी जितं असते, त्याच्यात मीठ असते, माती असते. बॅटरीले जितं पानी चालत नाही. म्हना तुमी, मेलेलं पानी. म्हना एकदा."

शेठनं म्हटलं नाही. तायडेनं बाटली हातातून सोडली नाही. शेवटी शेठनं म्हटलं.

मग त्यानं मला पाहिलं. ओळखलं. मला वाटलं, हाकलेल. त्यानं जीपचं बॉनेट उघडलं आणि काम करू लागला. मीच न राहवून विचारलं, "मास्तर, गोडं पाणी कुठं गेलं?"

"थो शब्द सोडला. एकदा घात केला त्यानं."  पट्टा आवळून झाल्यावर म्हणाला, "वहिनी बऱ्या हायेत ना?"

सुभद्राला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. मला ते विचारणं विचित्र वाटलं. हो म्हणालो आणि निघालो.

घरी जेवताना मी ती गंमत सांगितली. तायडे भेटला, आता पाण्याला मेलेलं म्हणतो, शेठकडून वदवून घेतलं. मी हसत होतो. सुभद्राची भाकर तव्यावर होती. ती तशीच राहिली.

"अजी, मंग थे गोडं पानी म्हंजे विहिरीचं नव्हतं?"

"नाही वं. शेडमधली बाटली होती ना, ते."

"बाटलीले तं तुमी हात लावू नको म्हनाले होते."

भाकर जळली. आम्ही दोघंही तिच्याकडं बघत होतो, उलथलं कोणी नाही. मग तिनं सारं सांगितलं, ती पहाट, तो लोटा, ते वरून वाहून जाणं. सांगताना ती माझ्याकडं पाहत नव्हती. मी तिला सांगितलं, त्या दिवशी दुकानात मी काय बोललो आणि तायडे काय बोलला. सांगता सांगता माझं मलाच समजलं, तो बहाणा शोधत नव्हता.

"त्यायले समजलं होतं," सुभद्रा म्हणाली. "तईच समजलं होतं."

त्यानंतर तिनं जायचं म्हटलं. पण जाणं होईना. पातळ बदलायची, दारापर्यंत यायची, आणि म्हणायची, उद्या जाऊ. एकदा आम्ही परतवाड्याच्या रस्त्यापर्यंत गेलो, टपरी दिसायला लागली आणि ती माघारी फिरली. मीही तिला थांबवलं नाही. मला कोणता हुरूप होता? शेवटी एका दुपारी ती न सांगता चालायला लागली आणि मी मागून गेलो.

तायडे एकटाच होता, पिचकारी पुसत होता. ती दारात उभी राहिली, डोक्यावर पदर.

"दादा, मी ह्यायच्या घरची. थे पानी मी पाजलं होतं."

"माहीत हाय, वहिनी."

"तईचंच?"

"तईचंच. ह्यो म्हनाला ना, घरचीनं गोडं पाजलं, रोज पाजलं. समजलो."

"मंग बोल्ले काहून नाही? चार लोकांत तुमाले इतकं घालूनपाडून..."

"काय बोलू? बाईनं केलं म्हनू? ह्याची नोकरी घालवू?" पिचकारी त्यानं फळीवर ठेवली. "अन् मी खोटं नाही बोल्लो. नाव म्या ठेवलं होतं. मोठेपनानं ठेवलं होतं. पानी वाफेचं, अन् म्या त्याले विहिरीचं नाव देल्लं. तुमी तं नावाप्रमानं केलं."

सुभद्रा रडत नव्हती. ती सहसा रडायची नाही. खाली बघत होती. तायडेनं विचारलं, "कोनत्या विहिरीचं आनत होत्या?"

"चिंचेखालच्या."

"रोज?"

"रोज पहाटे. पयला लोटा मोटारीले, मंग घरात."

तायडे स्टुलावर बसला.

"माही माय त्या विहिरीपाशी घागर घेऊन बसे," तो म्हणाला. "दूर. चिंचेच्या सावलीच्या बाहेर. कोनी वरतून ओतलं तं ओतलं, नाही तं दुपारी रिकामी घागर घेऊन घरी. मी तिच्या संग बसो. तुमच्या मालकाच्या आजीचा रुपयासारखा गोल चेहरा मले अजून दिसते, ती पाहे अन् निघून जाये. जलमभर बसली माय तठी." मग त्याला हसू आलं. खरं हसू, खांदे हलत होते. "अन् माह्या बॅटरीले तुमी पयला लोटा पाजला. रोज! पोट भरून पेली म्हना ती. मेली तं मेली."

तो एकटाच हसला. मला कुठं बघावं कळेना. मी त्या गावच्या विहिरीचं पाणी किती वर्षं प्यालो होतो, आणि सावलीच्या बाहेर कोण बसलं आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं.

तेव्हा सुभद्रा वाकली. त्याच्या पायांवर डोकं ठेवायला म्हणून वाकली आणि पदर डोक्यावरून घसरून जमिनीवर पडला, जिथं दिवसभर तेजाब सांडलेलं असे.

"वहिनी, पदर! पदर उचला! सुती हाय थो!" तायडे ओरडला, उडी मारून मागं झाला, आणि सोड्याच्या पाण्याचं डबडं उचलून तिच्या पदरावर ओतलं. पदरावर पांढरा फेस आला. चुर्र आवाज करत वर आला. तायडे गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी पदर धरून सोडा ओतत होता, तोंडानं आम्हाला दोघांना शिव्या घालत होता, अक्कल नाही, तेजाबाच्या दुकानात कोनी पाया पडते का. सुभद्रा तशीच वाकलेली. फेस बसला तेव्हा त्यानं पदर पिळला, झटकला आणि तिच्या हातात दिला. "वाचला," तो म्हणाला. "वाचला असन."

मग आत वळला आणि आमच्याकडं पाठ करून रेडिओच्या बॅटरीचं बूच आवळू लागला. तो कोट, ती पाठ. मी तायडेला पाहिलं ते तेवढंच. माझी धारणीची जीप त्याच महिन्यात सुटली, आणि पुढं गेलो तर टपरी नव्हती.

पदर वाचला नव्हता. सुभद्रानं दुसऱ्या दिवशी पातळ धुतलं आणि वाळत घातलं, तर काठाजवळ भोकंच भोकं, त्यातून ऊन पलीकडं पडत होतं. मी म्हणालो, टाकून दे, नाही तर रफू कर. तिनं दोन्ही केलं नाही. ते पातळ ती घरात नेसायची, भोकांचा पदर डोक्यावरून घ्यायची, आणि बाहेरचं कोणी आलं की बदलायची.